अकराव्या प्रकरणाची फेअर कॉपी

चाचा,

त्या दिवशी गुरुवार होता, शाळा अर्धा दिवस होती, आणि तुम्ही स्टेशनरीच्या दुकानाबाहेर फुटपाथवर उभं राहून एक कोरा कागद उन्हाकडे धरून बघत होतात. आत दुकानदार वैतागला होता, कारण तुम्ही तिसऱ्यांदा गठ्ठा बदलायला लावला होता. "चाचा, कागद आहे तो, लग्नाचा शालू नाही," मी म्हणाले. तुम्ही कागद माझ्या हातात दिलात. "बाई, पाठीमागचं अक्षर पुढं उमटलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्याला त्रास. इमामांचं चरित्र आहे, वाण्याची यादी नाय." शेवटी पिवळसर, आखलेला, जाड फुलस्केप तुमच्या पसंतीला उतरला. दोन गठ्ठे घेतलेत. एक तुम्ही उचललात, एक मी. बस येईपर्यंत आपण सावलीच्या एका अरुंद पट्ट्यात गठ्ठे पोटाशी धरून उभे होतो, आणि तुम्ही मला सांगत होतात की इथून बसरा किती जवळ आहे. "आमच्या रत्नागिरीवरनं कोल्हापूर, तेवढंच. मध्ये घाट पण नाय." पण आखाती युद्धानंतर ती सीमा आपल्यासारख्यांना बंदच झाली होती. ज्यांचं चरित्र तुम्ही लिहीत होतात त्या तेराशे वर्षांपूर्वीच्या संत इमामांची कबर बसऱ्याजवळ, गाडीने दोन-अडीच तासांवर, आणि तुम्हाला जाता येत नव्हतं. तुम्ही हे तक्रार म्हणून सांगत नव्हतात. अंतर सांगत होतात, एवढंच.

आज इथे आखातात, मंगफच्या आमच्या फ्लॅटमध्ये अर्धी खोकी बांधून झाली आहेत. ह्यांची निवृत्ती झाली, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपतोय, पंधरा दिवसांत आम्ही नाशिकला कायमचे जातोय. तेहतीस वर्षांचा संसार खोक्यांत बसवताना जे हाताला लागतं ते बाजूला ठेवते. तुमची लेक परवा येऊन गेली. ती काय ठेवून गेली ते सांगणारच आहे. पण मी जरा आडवळणाने येणार, रागावू नका. आडवळणाने येते ती का, तेही तुम्हाला कळेल.

मी त्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा तुम्ही हेडक्लार्क होतात. मस्टर तुमच्याकडे, इकाम्याचे कागद तुमच्याकडे, आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट ज्या लोखंडी कपाटात असायचे त्याची किल्ली तुमच्या कमरेला. शाळेतले सगळे, अगदी प्रिन्सिपॉलसुद्धा, तुम्हाला चाचा म्हणायचे. मधल्या सुट्टीत तुम्ही डब्यातली भाकरी दोन मिनिटांत संपवायचात आणि उरलेला वेळ एका जाड वहीत लिहायचात. मी एकदा डोकावले. मराठी! मला वाटलं होतं उर्दू असेल. "मराठीत कोणासाठी?" मी विचारलं. "आमच्या गावासाठी," तुम्ही म्हणालात. "अरबी येत नाय, उर्दू वाचताना अडखळतात. शाळा सगळ्यांची मराठी. मग आपल्या इमामाबद्दल त्यांनी कुठल्या भाषेत वाचायचं?" आणि मग म्हणालात, अक्षर माझं मलाच लागत नाही, तुमचं मोत्यासारखं आहे, फेअर कॉपी करून द्याल का?

अक्षर कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी घोटून घेतलं होतं, पण मराठी कोणी घोटून घेतलं नव्हतं. नाशिकच्या ब्राह्मणाची मुलगी, आणि जोडाक्षर आलं की घाबरायची. तुम्ही तालुक्याच्या शाळेत शिकलेले, आणि तुमची वाक्यं अशी की वाचताना पाय घसरत नाही. पहिल्या प्रकरणात इमाम कुराणातलं वचन ऐकताना रडतात असं होतं. मी कॉपी करताना जरा सजवलं. अश्रूंचे मोती, थरथरणारे ओठ, असं काहीबाही घातलं. तुम्ही तो कागद चष्मा वर करून वाचलात आणि परत दिलात. "बाई, इमाम रडले म्हणजे रडले. मोती नकोत. तुम्ही पाहिलेत का मोती?" मी म्हटलं, नाही. "मग?" तुम्ही एवढंच म्हणालात. मी घरी जाऊन रागाने पुन्हा लिहिलं. आज जे काही सरळ मराठी मला लिहिता येतं, हे पत्रसुद्धा, ते त्या "मग?"मधून आलेलं आहे.

आणि समास! तुमच्या वहीला डावीकडे तीन बोटं रुंद समास होता, आणि प्रत्येक गोष्टीशेजारी त्यात बारीक अक्षरात नावांची माळ: ही गोष्ट अमक्याने तमक्याकडून ऐकली, त्याने त्याच्या गुरूकडून, गुरूने इमामांच्या शेजाऱ्याकडून. मी एकदा त्या माळा गाळल्या. गोष्ट वाचायला सुटसुटीत होते, असं माझं म्हणणं. तुम्ही हसलात. तेव्हाचे लोक एक वाक्य ऐकायला महिनाभर उंटावरून जायचे, तुम्ही म्हणालात, आणि वाक्य सांगणारा माणूस खरा आहे की नाही हे आधी त्याच्या शेजाऱ्यांना विचारायचे. ज्या गोष्टीला माळ नाही, किंवा माळेतला एक मणी कच्चा आहे, तिच्यापुढे "असं सांगतात" लिहायचं. ते दोन शब्द खाऊन टाकायचे नाहीत. "बाई, कोणाकडून ऐकलं हे ज्याला सांगता येत नाय त्यानं गप्प बसावं. इमामांच्या बाबतीत पण, आणि शेजारणीच्या बाबतीत पण."

दोन वर्षांत आपण दहा प्रकरणं केली. मदिनेतलं बालपण, पैगंबरांच्या घरातल्या एका बाईंकडे सेवेला असलेली त्यांची आई. मग बसरा. सुभेदारासमोर न घाबरता बोलणारे इमाम, आणि घरी आल्यावर स्वतःच्याच हिशेबाला घाबरणारे इमाम. शेजाऱ्याच्या न्हाणीचं पाणी भिंतीतून पाझरायचं, तर वर्षानुवर्षं खाली भांडं लावून ते रोज बाहेर नेऊन ओतणारे इमाम. असं सांगतात. ती गोष्ट उतरवताना मी तुम्हाला म्हटलं होतं की आमच्या वरच्या मजल्यावरच्यांच्या एसीचं पाणी गळतं तर मी हारिसला, म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या राखणदाराला, सकाळपासून चार फोन केले. "म्हणून तुमचं चरित्र कोण लिहीत नाय," तुम्ही म्हणालात, आणि आपण दोघं ऑफिसात इतके हसलो की शिपाई बघायला आला. मला ती गोष्ट आमच्या सिस्टर सांगायच्या त्या संतांच्या गोष्टींच्या जवळची वाटली, आणि मी तसं म्हटलं. तुम्हाला ते मनापासून आवडलं. "असणारच," म्हणालात.

आता ते सांगते.

सप्टेंबर होता. आईला अटॅक आला म्हणून भावाचा फोन आला. त्याच दिवशीचं विमान. रजा मिळाली, पण पासपोर्ट कपाटात, आणि किल्ली घेऊन तुम्ही दुपारच्या नमाजाला गेलेले. हे बाहेर गाडीत हॉर्न वाजवतायत. मी स्टाफरूममध्ये येरझाऱ्या घालतेय. गणिताची टीचर विचारते, काय झालं? आणि मी बोलते. मला अजून माझा आवाज ऐकू येतो. "काय होणार? नमाजाच्या नावाखाली तासतास गायब. वर शाळेच्या वेळात, शाळेच्या कागदावर पुस्तक लिहायचं, आणि आपण धर्मात्मा!" वीस मिनिटांनी तुम्ही धावत आलात. घाम, चप्पल अर्धवट पायात. पासपोर्ट दिलात, "आईंना काय होणार नाय, मी दुआ मागतो," म्हणालात. विमान मिळालं. आई वाचली.

नमाजाचं मी रागात बोलले. त्याला कदाचित राग एवढंच नाव देता येईल. पण शाळेच्या कागदाचं काय? तो कागद कुठून आला हे त्या शाळेत फक्त दोन माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातली एक मी. एक गठ्ठा मी स्वतः उचलून आणला होता. शाळेचा कागद पांढरा, बिनरेघांचा. हा पिवळा, आखलेला. मला माहीत होतं, आणि तरी ते वाक्य तोंडातून आलं, कारण नुसत्या नमाजाने वाक्य पुरेसं जड होत नव्हतं. मी पुन्हा सजवलं, चाचा. मोती घातले.

दोन आठवड्यांनी परतले तोवर ते वाक्य सगळ्या शाळेत फिरून आलं होतं, आणि आता ते कोणाचंच नव्हतं. सगळे म्हणतात, एवढंच. मी मस्टरवर सही करायला ऑफिसात आले तेव्हा प्रिन्सिपॉल तुमच्या टेबलाशी उभे होते. "चाचा, प्लीज, ड्रॉवर उघडा. मला बरं वाटत नाहीये, पण लोक बोलतात." तुम्ही ड्रॉवर उघडलात. पिवळ्या कागदांचा गठ्ठा. "हा माझा आहे, साहेब." "पावती आहे?" दोन वर्षांपूर्वीच्या कागदाची पावती कोण ठेवतं? शिपाई दारात. माझ्या हातात पेन. तुम्ही एकदा म्हणाला असतात, "बाईंना विचारा," तर झालं असतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंच नाहीत. तेव्हा मला वाटलं, बरं झालं, त्यांना काही माहीत नाही. तुम्हाला कोणी सांगितलं ते मला कधीच कळलं नाही, पण आज कळतं की न बघण्यासाठी तुम्हाला किती जोर लावावा लागला असेल. तुम्ही बघितलं असतंत तर प्रिन्सिपॉलनीही माझ्याकडे बघितलं असतं.

मी सही केली आणि वर्गावर गेले.

पुढच्या आठवड्यात तुम्हाला ऑफिसातून हलवून मागच्या पुस्तकांच्या स्टोअरमध्ये बसवलं. पत्र्याची खोली, खिडकी नाही. कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे गेली. आणि त्याच आठवड्यात एका संध्याकाळी आमच्या दारात तुमचा गाववाला उभा. वफ्राला शेतावर कामाला असायचा तो. हातात खजुराचा खोका. ताजा, अर्धा पिकलेला, मधासारखा रुतब. "चाचांनी पाठवलाय. सलाम सांगितलाय." मी किती सुटले म्हणून सांगू! म्हणजे राग नाही, म्हणजे माहीत नाही. शेजारीपाजारी वाटला, मुलीच्या डब्यात दिला. दुसऱ्या दिवशी बेसनाचे लाडू घेऊन तुमच्या त्या पत्र्याच्या खोलीत आले आणि, देवा, काय बोलले मी! "चाचा, खजूर काय अप्रतिम होता! पुढच्या वर्षीपण पाठवा हं!" तुम्ही आधी माझ्याकडे बघत राहिलात, मग हसायला लागलात. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात, चष्मा काढून पुसलात. "नको ओ बाई, पुढच्या वर्षी नको. दर वर्षी मला झेपायचं नाय." मी म्हटलं, एवढा महाग असतो का? तुम्ही लाडू तोंडात घातलात आणि मान हलवलीत, हो की नाही ते कळेना.

पुढे कॉपीला कागद आले ते बाराव्या प्रकरणाचे. मी विचारलं, अकरावं? "ते अजून कच्चं आहे," तुम्ही म्हणालात. दोन वर्षांनी निवृत्त होऊन गावी गेलात. ईदला पत्र यायचं, दिवाळीला मी लिहायची. मग एका वर्षी पत्र आलं नाही, आणि कोणीतरी फोनवर सांगितलं.

परवा तुमची लेक आली. ती आता सुलैबियाजवळच्या एका दवाखान्यात काम करते, तुम्हाला माहीत नसेल. आम्ही जातोय हे कोणाकडून कळलं म्हणून कापडी पिशवीत तुमची वही घेऊन आली. गावातल्या पोरांनी पुस्तक छापायचं ठरवलंय म्हणे. "टीचर, सगळी प्रकरणं तुमच्या अक्षरात आहेत, अकरावं तेवढं नाय. अब्बांचं अक्षर कोणाला लागत नाय, तुमच्याशिवाय. जायच्या आधी एवढं करून द्याल?" मी चहा ठेवला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बोलत होती, खोक्यांकडे बघत. आणि म्हणाली, "अम्मी सांगायची, शाळेत अब्बांवर कागदचोरीचा आळ आला होता. म्हणून ते पुस्तक छापायचं नाव काढीनात. लोक म्हणतील, चोरीच्या कागदावरचा इमाम. कोणी घेतला आळ ते शेवटपर्यंत बोलले नायत." चहा उतू गेला. मी गॅस बंद करत राहिले, बंद झाल्यावरसुद्धा.

रात्री नाही, सकाळी, उजेडात, चष्मा लावून मी अकरावं प्रकरण वाचलं. पाठीमागे कोणाबद्दल बोलण्याविषयी आहे ते. खरं असेल ते बोलणं म्हणजे निंदा, आणि खोटं बोलणं म्हणजे तोहमत, ती निंदेहून भारी, हे तुम्ही दोन ओळींत सांगितलंय, आणि निंदा करणाऱ्याचं पुण्य ज्याची निंदा झाली त्याच्या खात्यावर जातं, हेही. मग ती गोष्ट. कोणीतरी इमामांची निंदा केली. इमामांनी त्या माणसाकडे तबकभर ताजा खजूर पाठवला आणि निरोप दिला की तू तुझं पुण्य मला देऊन टाकलंस असं ऐकलं, पुरती परतफेड माझ्याच्याने होणार नाही, एवढं गोड मानून घे. समासात नावांची माळ. तिच्यापुढे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय, असं सांगतात. आणि माळेच्या खाली, वेगळ्या शाईत: "मी हे करून पाहिलं. मन हलकं होतं, पण पहिल्या दिवशी नाही. निरोप मात्र मला धाडवला नाही. ज्याला पाठवला त्याचं नाव या पुस्तकात नको."

म्हणून तुम्ही मला ते प्रकरण दिलं नाहीत. खजूर पाठवलात, आणि त्यातला काटा काढून घेतलात. मला तो कळू नये म्हणून आपल्याच पुस्तकाला भोक पाडून ठेवलंत.

लहानपणी मला ख्रिस्ती मुलींचा हेवा वाटायचा. शुक्रवारी त्या पापांची कबुली द्यायला रांगेने जाऊन लाकडी जाळीपुढे गुडघे टेकायच्या, काहीतरी पुटपुटायच्या, आणि उड्या मारत बाहेर यायच्या. आम्हा हिंदू मुलींना बाहेर बाकावर बसवायचे. मी सिस्टरांना म्हटलंही होतं, मला पण जायचंय. तुम्हाला ही गोष्ट सांगितली तेव्हा तुम्ही म्हणालात, आमच्यात सोय नाय ती. देवाशी चुकलं तर देव बघून घेईल, पण माणसाशी चुकलं तर त्या माणसाच्याच दारात जायचं. मी तेव्हा विचारलं नाही की तो माणूस गेलेला असला तर. आता विचारते तर उत्तर द्यायला तुम्ही नाही. मला वाटतं, इमामांच्या घाबरण्याचा अर्थ मला आत्ता कुठे लागतोय. इतका साधा, इतका भला माणूस मरणाला एवढा का घाबरायचा, हे कॉपी करताना मला कधी कळलं नव्हतं. वाक्यं सुंदर वाटायची. हिशेब राहून जाण्याची भीती होती ती.

तुमच्या दारात येता येत नाही. तुमच्या लेकीच्या दारात येता येतं. ते सोपं नाही, कारण परवा जाताना ती माझ्या पाया पडली. मी अकराव्या प्रकरणाची फेअर कॉपी पुरी केली. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही, तुमची वेगळ्या शाईतली ओळसुद्धा उतरवली. पिवळा कागद आता मिळत नाही, पांढऱ्यावर आखून घेतला. आणि लेकीला एक चिठ्ठी लिहिली. तुमच्या पद्धतीने: "कागद तुझ्या वडिलांनी स्वतः विकत घेतला. एक गठ्ठा मी उचलून आणला. शाळेचा कागद वापरतात असं मी स्टाफरूममध्ये बोलले, ते खोटं होतं, आणि बोलताना ते खोटं आहे हे मला माहीत होतं. हे मी कोणाकडून ऐकलेलं नाही." खाली पूर्ण सही केली. पुस्तकात छापायचं असेल तर छाप, असंही लिहिलं.

आता वाटणी. कढीपत्त्याची कुंडी आणि मोठा कुकर खालच्या मजल्यावर चारजण मिळून राहतात त्या मालवणच्या इलेक्ट्रिशियनना. त्यांच्यातला एक परवा म्हणाला, "वयनी, तुम्ही गेल्यार आमका फोडणी कोण शिकवतला?" शिलाईमशीन शाळेच्या नव्या इंग्रजीच्या टीचरला. हिवाळ्याच्या रजया हारिसला, त्याला सांगून ठेवलंय. माझं शाईचं पेन नातीला. मुलगी म्हणाली, "आई, शी कान्ट रीड मराठी." म्हटलं, पेन कुठे मराठी आहे? देऊन टाक. तुमची मूळ वही आणि अकरावं प्रकरण तुमच्या लेकीला, शनिवारी ती येईल तेव्हा, माझ्या हाताने. हे पत्र कोणालाच नाही. ते माझ्या कागदांत राहील आणि माझ्यामागे मुलगी न वाचता टाकून देईल, ते ठीकच आहे.

एक सांगायचं राहिलं. चिठ्ठी पिशवीत सगळ्यात वर ठेवायला हवी होती. मी ती अकराव्या प्रकरणाच्या शेवटच्या पानाआड ठेवली आहे. म्हणजे शनिवारी ती उठून जाईल, जिना उतरेल, गाडीत बसेल, आणि मग कधीतरी तिला सापडेल. दोनदा काढून वर ठेवली, चाचा, आणि दोनदा परत आत सरकवली.